उतरंड म्हणजे आराखडा नव्हे

ऐरोली, महापे किंवा बेलापूरच्या आयटी कंपनीत तिमाही नियोजनाची बैठक भरली की एक पान हमखास पडद्यावर येतं. सगळ्यात वर व्हिजन. त्याखाली स्ट्रॅटेजी, मग गोल किंवा ओकेआर, मग थीम, इनिशिएटिव्ह, एपिक, फीचर, स्टोरी आणि तळाला टास्क. पान दाखवणाऱ्याचं म्हणणं असतं की आपल्या रोडमॅपचा गोंधळ हा मुळात शब्दांचा गोंधळ आहे. कुणी इनिशिएटिव्हलाच एपिक म्हणतं, कुणी फीचरला गोल समजतं. प्रत्येक शब्दाची व्याख्या ठरवा, कोण कुणाच्या पोटात तेही ठरवा, की रोडमॅप आपोआप मार्गाला लागेल. हा विचार आता इतका रुजलाय की प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतीत ‘एपिक आणि फीचर यांत फरक काय’ हे हटकून विचारतात.

या विचाराची एक पनवेली शाखाही आहे. संध्याकाळच्या पनवेल लोकलमध्ये लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर घेऊन बसलेल्यांत ती ऐकू येते: नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोत एखादा चांगला प्रॉडक्ट मॅनेजर असता तर नवी मुंबईचा विमानतळ एवढा रखडला नसता, त्याभोवतीच्या नैना क्षेत्राचं भिजत घोंगडं राहिलं नसतं. सरकारी लोकांना व्हिजन आणि टास्क यांतला फरकच कळत नाही, वगैरे.

मी याच धंद्यात आहे आणि पनवेलमध्येच राहतो. मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात, आणि दोन्हींची चूक एकच आहे. उतरंड सांगते की कोणतं काम कशाचा भाग आहे. कशाच्या आधी काय व्हायला हवं, हे ती सांगत नाही. ‘नाही’ म्हणायचा हक्क कुणाला आहे, हेही सांगत नाही. रोडमॅप मोडतात ते या दोन ठिकाणी, आणि त्याचा अर्ध्या शतकाचा पुरावा आमच्या तालुक्यात उघड्यावर पडलेला आहे.

व्याख्यांचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. पुण्यातली टीम आणि महाप्यातली टीम एकाच शब्दाने दोन आकारांची कामं मोजत असतील तर अंदाज फसतात, हे खरंच आहे. पण त्या व्याख्या कुठून आल्या ते तरी एकदा बघा. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडच्या २०२०च्या आवृत्तीत ‘एपिक’ शब्द नाही, ‘युजर स्टोरी’ही नाही. युजर स्टोरी आली केंट बेकच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून, १९९०च्या दशकात. माइक कोहनने २००४ साली स्टोरींवर पुस्तक लिहिलं, त्यात एपिक म्हणजे फक्त फार मोठी झालेली स्टोरी. ती उतरंडीतली पायरी नव्हती, ‘ही अजून फोडायची आहे’ एवढीच नोंद होती. पुढे जिरा या सॉफ्टवेअरने तिची पायरी केली आणि खाली थेट स्टोरी ठेवली. अझुर डेव्हऑप्सने दोघांच्या मध्ये फीचर बसवलं. डीन लेफिंगवेल यांच्या सेफ (SAFe) या चौकटीत तर एपिक एवढं थोरलं की त्यासाठी वेगळा आर्थिक प्रस्ताव लिहावा लागतो. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणूनच असं आहे: तुमच्या कंपनीने कोणतं सॉफ्टवेअर विकत घेतलंय ते आधी सांगा. खरेदी खात्याच्या निर्णयाला शास्त्राचा मान देण्याचं कारण नाही.

या व्यवसायाचा मूळ कागदही बोलका आहे. १९३१च्या मे महिन्यात प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉयने तीन पानांची टिपणी लिहिली. तो तेव्हा कॅमे साबणाच्या जाहिराती बघायचा. प्रत्येक ब्रँडला एक जबाबदार माणूस हवा, हे त्याचं मागणं. त्या माणसाने करायचं काय? माल कुठे खपतोय, कुठे अडलाय ते प्रदेशवार पाहायचं, अडलंय तिथे जाऊन कारण शोधायचं आणि ज्यांच्या हातात उपाय आहे त्यांच्याकडून तो करून घ्यायचा. प्रॉडक्ट मॅनेजर नावाच्या पदाचा उगम इथला मानतात. टिपणीत पायऱ्या नाहीत, अडथळे आहेत.

आता पनवेलकडे येऊ. सरकारी योजनांना उतरंड नसते हा समज नवी मुंबईच्या बाबतीत साफ खोटा आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. तिच्याकडे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश आला, ९५ गावांचा. १९७३चा मसुदा, १९७९ची मंजूर विकास योजना. वरून खाली वाचत जा: मुंबईवरचा भार हलका करायचा हे उद्दिष्ट, एकच मध्यवर्ती भाग न ठेवता अनेक केंद्रांचं शहर वसवायचं आणि ते सार्वजनिक वाहतुकीवर उभं करायचं हे धोरण, मग नोड, नोडच्या पोटात सेक्टर, सेक्टरच्या पोटात भूखंड, प्रत्येकाला क्रमांक. वीस लाख लोकसंख्येचं लक्ष्यही लिहिलेलं. आजच्या कुठल्याही कंपनीच्या पडद्यावरच्या पानापेक्षा ही मांडणी नेटकी आहे, आणि ती लिहिणारे आपल्यापेक्षा हुशार होते हे कबूल करायला हरकत नाही.

घडलं काय? सार्वजनिक वाहतुकीवर उभ्या राहणाऱ्या शहरात मानखुर्द-वाशी लोकल आली १९९२ साली. पनवेलला लोकल पोचली १९९८ साली. नोड आधी, रूळ नंतर. बेलापूरला व्यापारी केंद्र आखलं, पण मंत्रालय खाडी ओलांडून आलं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला भरावावर कार्यालयांचे मनोरे उठत राहिले. यातली कुठलीही गोष्ट शब्दांच्या गोंधळाने बिघडली नाही. नोड आणि सेक्टर यांतला फरक सगळ्यांना ठाऊक होता. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीतली, म्हणून सिडकोच्या उतरंडीत तिला घर नव्हतं. आणि मंत्रालय हलवायचं की नाही हे ठरवणारे मंत्रालयातच बसत होते. रूळ शेवटी पडले ते खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सिडकोने स्वतः उचलायचं ठरलं तेव्हा. म्हणजे ज्याला आपल्या झाडावर फांदी नव्हती, त्याच कामासाठी सिडकोला सगळ्यात आधी खिशात हात घालायला हवा होता.

विमानतळाचं उदाहरण आणखी नेमकं आहे, त्यावर थोडा वेळ घालवतो. २००७ साली केंद्राची तत्त्वतः मंजुरी, नोव्हेंबर २०१०मध्ये पर्यावरण मंजुरी, १८ फेब्रुवारी २०१८ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन आणि २५ डिसेंबर २०२५ला पहिली प्रवासी उड्डाणं. जागा ११६० हेक्टर. आता ही जागा तयार करायच्या कामांची उतरंड लावून बघू. इनिशिएटिव्हचं नाव ‘जागा तयार करणे’. त्याखाली एपिक: उलव्याची टेकडी कापणं, उलवे नदीचा प्रवाह वळवणं, दलदलीत भराव टाकणं, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या हलवणं, दहा गावांचं पुनर्वसन. पाच एपिक, पाचही एका रेषेत, एकाच आईची लेकरं. कुठलाही परीक्षक या मांडणीला पैकीच्या पैकी गुण देईल.

आणि या मांडणीतून कामाचं काहीच कळत नाही. कारण भरावाचा दगड टेकडीतून यायचा. टेकडीत सुरुंग लावायचे तर आसपासची घरं रिकामी हवीत. नदी वळवल्याशिवाय तिच्या पात्रावर भराव टाकता येत नाही. भराव बसल्याशिवाय धावपट्टी नाही, आणि वीजवाहिन्या डोक्यावरून जात असतील तर धावपट्टी असून उपयोग नाही. घरं रिकामी व्हायची तर साडेबावीस टक्के विकसित जमिनीचं पॅकेज ठरायला हवं, मग पुष्पकनगर आणि वडघर-करंजाडेच्या बाजूला जागा मिळायला हवी, मग प्रत्येक कुटुंबाने घर बांधून बिऱ्हाड हलवायला हवं. उतरंडीत जे सगळ्यात तळाचं टास्क, एका कुटुंबाने चिंचपाड्यातलं किंवा कोल्हीतलं घर सोडणं, त्यावर वरचा सगळा डोलारा थांबलेला. त्यात डुंगीसारखं गाव. ते दहा गावांच्या यादीत नव्हतंच. भरावानंतर तिथे पाणी शिरायला लागलं आणि गावकऱ्यांनी आमचंही पुनर्वसन करा म्हणून मागणी लावून धरली. झाडावर नसलेलं पान जमिनीतून उगवलं.

हा फरक कुणी नव्याने शोधायचा नाहीये. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीत क्रिटिकल पाथ पद्धत तयार झाली आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट. कामांची विभागणी दाखवणारं झाड वेगळं आणि कामांचा क्रम दाखवणारं जाळं वेगळं, हे तेव्हापासून प्रकल्प चालवणाऱ्याला माहीत आहे. झाडावरून खर्च आणि जबाबदारी वाटता येते. तारीख निघते ती जाळ्यातून, त्यातल्या सगळ्यात लांब साखळीवरून. पूल बांधणाऱ्या कंत्राटदाराला ही गोष्ट सांगावी लागत नाही. आमच्या धंद्याने मात्र जाळं फेकून दिलं, झाड ठेवलं आणि त्याला रोडमॅप म्हणायला सुरुवात केली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: शहर दगडामातीचं, सॉफ्टवेअर मऊ, उद्या बदलता येतं, तेव्हा तुलना लागू नाही. कोड बदलता येतो, मान्य. पण ग्राहकांचा डेटा एकदा नव्या रचनेत हलवला की तो परत आणणं टेकडी परत उभी करण्याइतकंच अवघड असतं. करार मऊ नसतात. नियामक तर नाहीतच. रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना आणि ॲपना ग्राहकांचे कार्ड क्रमांक साठवायला मनाई केली, टोकन वापरायला सांगितलं. मुदत १ जानेवारी २०२२ची होती, ती जुलैवर गेली, मग १ ऑक्टोबर २०२२वर. ज्या कंपन्यांकडे कार्डाने पैसे घेतले जात होते त्यांना हे करावंच लागलं, मग त्यांच्या उतरंडीत ते कुठल्या थीमखाली बसत असो वा नसो. आणि कंपनीने आपल्या बाजूचं काम उरकलं तरी कार्ड देणाऱ्या बँका आणि नेटवर्क तयार नसतील तर ते पूर्ण होत नव्हतं. मुदत दोनदा सरकली त्याचं मोठं कारण हेच. स्टोरी संपली, काम संपलं नाही, कारण साखळीची पुढची कडी दुसऱ्याच्या इमारतीत होती.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. रोडमॅप म्हणजे प्रकल्पाचं वेळापत्रक नव्हेच, असं नव्या वळणाचे लोक म्हणतात. तारखा काढून टाका, ‘आत्ता, पुढे, नंतर’ असे तीन रकाने ठेवा, परिणामांवर बोला. हा सल्ला मला अर्धा पटतो. खोट्या तारखांपेक्षा तारखा नसलेल्या बऱ्या. पण तारखा पुसल्याने क्रम पुसला जात नाही. ‘नंतर’च्या रकान्यात वीजवाहिन्या ठेवल्या आणि ‘आत्ता’मध्ये टर्मिनल, तर तीन रकाने काय, तीनशे केले तरी विमान उडणार नाही. विमानतळ सुरू झाला तेव्हा टर्मिनलपर्यंत मेट्रो नव्हती, प्रवासी रस्त्यानेच आले. ही ‘नंतर’ची निवड जाणूनबुजून केली असेल तर ठीक, तिची किंमत तरी कुणीतरी मोजलेली असते. उतरंडीतून ही निवड दिसतच नाही, म्हणून तिच्यावर बैठकीत भांडणही होत नाही. माझी तक्रार ती आहे.

तिसरा आक्षेप: जिरातही ‘ब्लॉक्ड बाय’ अशी जोडणी असते, मग अडचण काय? असते. ती काम अडल्यावर भरली जाते. वरच्यांच्या बैठकीत जी टक्केवारी दाखवतात ती झाडातून वर चढत येते: इतक्या स्टोरी संपल्या म्हणून एपिक इतके टक्के, इतकी एपिक झाली म्हणून इनिशिएटिव्ह तितके. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गाचं काम २०११ साली सुरू झालं. ११ स्थानकं, ११ किलोमीटर. २०२३च्या जूनमध्ये पूर्ण मार्गाला सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालं. प्रवासी चढले १७ नोव्हेंबरला, तेही समारंभाविना. मधल्या महिन्यांत या प्रकल्पाची टक्केवारी किती लिहाल? उतरंडीच्या हिशेबाने शंभर. खारघरच्या थांब्यावर एनएमएमटीच्या बसची वाट बघणाऱ्याच्या हिशेबाने शून्य.

आता ‘नाही’ म्हणणाऱ्यांकडे येऊ, कारण पनवेलचा खरा इतिहास तिथे आहे. १९७०नंतर नवी मुंबईसाठी गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आराखड्यात शेतकरी हा ‘संपादन’ नावाच्या टप्प्याचा तपशील होता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि आसपासची गावं रस्त्यावर उतरली. १९८४च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली ती या लढ्यातून. विमानतळाचं साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज त्याच परंपरेतलं. विमानतळाच्या नावाचं बघा. कुठल्याही आराखड्यात ते किरकोळ काम म्हणूनसुद्धा नसेल, पण जून २०२१मध्ये दिबांच्या नावासाठी हजारो माणसं रस्त्यावर आली आणि सरकारला भूमिका बदलावी लागली. उतरंडीच्या तळाशी किंवा बाहेर असलेल्यांनी वरच्या पायऱ्या हलवल्या. कुणी म्हणेल ही राजकारणाची गोष्ट, नियोजनाची नव्हे. नियोजनात ज्यांना जागा दिली नाही ते राजकारणातून येतात, एवढाच त्याचा अर्थ.

नैनाची कथा चालू आहे, म्हणून ती जास्त शिकवते. जानेवारी २०१३मध्ये विमानतळाभोवतीच्या गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. २०१७मध्ये २३ गावांची अंतरिम विकास योजना मंजूर झाली, २०१९मध्ये उरलेल्या गावांची. विकास योजनेच्या पोटात नगररचना परियोजना, परियोजनेत मसुदा, प्राथमिक, अंतिम असे टप्पे, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती मूळ जमिनीच्या ४० टक्के अंतिम भूखंड. नगररचना परियोजनेची ही पद्धत १९१५च्या मुंबई कायद्यापासूनची, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी, घासूनपुसून पक्की झालेली. व्याख्यांचा कणभर संशय नाही. तरीही गावोगावी विरोध उभा राहिला, कारण साठ टक्के जमीन आधी जाणार आणि रस्ते, पाणी, भाव नंतर कधीतरी येणार, हा क्रम लोकांना मान्य नव्हता. विरोध व्याख्येला नव्हता, क्रमाला होता. व्हिजन समजावून सांगणारी आणखी एखादी सभा घेऊन तो मिटत नाही, कारण लोकांना ते आधीच समजलेलं असतं.

जाता जाता पनवेल महापालिकेचं. नगरपालिका १८५२ची, महापालिका १ ऑक्टोबर २०१६ची. खारघर, कामोठे, कळंबोलीतल्या लोकांकडून सिडको सेवाशुल्क घेत होती आणि महापालिकेने २०१६पासूनचा मालमत्ता कर मागितला. एकाच सेक्टरला दोन मालक. प्रॉडक्टवाल्यांना हे अनोळखी वाटू नये. प्लॅटफॉर्म टीम आणि बिझनेस टीम एकाच फीचरचं बिल एकमेकांकडे पाठवतात तेव्हा हेच होतं. उतरंडीत प्रत्येक खोक्यावर एकच नाव लिहायची जागा असते, म्हणून ती कागदावर हा तंटा मिटवल्यासारखा दाखवते.

‘मग तुम्ही करता काय?’ असा उलटा सवाल येतोच. माझ्या टीमच्या बैठकीत पहिलं पान उतरंडीचं नसतं. त्यावर बाणांनी जोडलेली कामं असतात, आणि आमच्या टीमबाहेरचे बाण लाल. प्रत्येक लाल बाणाच्या टोकाला एका माणसाचं नाव असतं, खात्याचं नव्हे, आणि तो माणूस नकार देऊ शकतो का हे पुढे लिहिलेलं. देऊ शकत असेल तर बैठकीआधी त्याला भेटून यायचं, ही जबाबदारी प्रॉडक्ट मॅनेजरची. सुरक्षा तपासणारी टीम, कायदा विभाग, भागीदार बँक, जुनी यंत्रणा सांभाळणारा आणि दोन वर्षांत निवृत्त होणारा एकटा इंजिनिअर. त्या एकट्या इंजिनिअरची सही सगळ्यात उशिरा मिळते, असा माझा अनुभव आहे, आणि तो कुणाच्याही व्हिजनमध्ये नसतो. एपिक की फीचर हा प्रश्न कुणी विचारला तर मी जिरा उघडून जे लिहिलंय ते वाचून दाखवतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

व्याख्यांचं पान कंपनीच्या विकीवर राहू दे, नव्या माणसाला उपयोगी पडतं. पण पुढच्या तिमाहीला ते पडद्यावर लावून कुणी ‘आता रोडमॅप सरळ झाला’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: यातली कोणती दोन कामं एकाच वेळी सुरू करता येणार नाहीत, आणि कुणाच्या एका नकाराने हे सगळं थांबेल? उत्तरासाठी त्याला पानावरून नजर उचलून खोलीबाहेर कुणाला तरी फोन लावावा लागेल. लावू द्या.